एका फेऱ्याला एक सूत

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा ह्यांनी मोटार घेतली, आणि मोटार घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत ती त्यांना उंच वाटायला लागली.

हे अमरावतीला सरकारी कॉलेजात गणित शिकवायचे. मी मुलींच्या शाळेत मराठी आणि शिवणकाम शिकवायची. राजापेठेत भाड्याचं घर होतं, पुढे गाडी उभी राहील एवढं अंगण होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. मोटार एका तेलगिरणीच्या मॅनेजरची. त्याची मुंबईला बदली झाली आणि ही गाडी तिकडे शोभायची नाही असं त्याच्या बायकोनं ठरवलं, म्हणून ती आमच्याकडे आली. छोटीशी, हिरवी, मागचं झाकण वर उचललं की बिछाने-ट्रंका मावतील अशी. चालायची चांगली. मला तिच्यात काही खोट दिसली नव्हती.

खोट दाखवली एका इंग्रजी मासिकानं. कुणा प्राध्यापकाच्या भावानं ते विलायतेहून आणलेलं, आणि हातोहात फिरत ते ह्यांच्याकडे आलं. त्यात एका शर्यतीचा फोटो होता. आमच्यासारखीच छोटी गाडी, पण पोट रस्त्यापासून चार बोटांवर, आणि मागे धुळीचा लोट.

"बघ," हे म्हणाले.

मी बघितलं. "चारी चाकं पंक्चर झालीत का हो?"

मी खरंच विचारलं होतं, पण ह्यांना ते लागलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला गुरुत्वमध्य शिकवला. ताटाशेजारी तांब्या ठेवला, वाटी ठेवली, आणि पाट तिरपा करून दाखवला. उंच तांब्या कलंडतो, बसकी वाटी कलंडत नाही. गाडीही अशी बसकी हवी, म्हणजे वेगात वळण घेताना उलटत नाही. माझ्या सासूबाई गुडघ्यांच्या औषधासाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या सांडलेल्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "समजलं बापा. आता वाटी खाली ठेव आन् जेव."

वेगाचं म्हणाल तर हे ताशी पंचवीस मैलांच्या पुढे कधी गेले नाहीत. बडनेऱ्याच्या रस्त्यावर एकदा एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वळून काळजीनं विचारलं होतं, "सायेब, बंद पडून राह्यली का?"

अमरावतीच्या गॅरेजवाल्यानं हे काम हातात घेतलंच नाही. तो म्हणाला, "सायेब, माह्याकडे लोकं गाडी वर कराले येतात. खाली करासाठी पैसे काहून देता? दोन वर्स थांबा, आपल्या रस्त्यावर ते आपोआप खाली येते."

मग माझ्या सासऱ्यांनी नाव सुचवलं. त्यांची बाळापूरकडे काळ्या जमिनीची शेती, कापूस अकोल्याच्या जिनिंगमध्ये जायचा. तिथले टर्नर मिस्त्री मोठ्या हुशारीचे, मशीनचा कुठलाही भाग डोळ्यानं मापून करून देतात, असं ते सांगायचे. श्रावणात जिनिंग बंद असतं, मिस्त्री घरीच असतील. तेव्हा एका रविवारी आम्ही गाडी घेऊन अकोल्याला गेलो.

मिस्त्री पन्नाशीचे. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. छप्पन साली घरदार घेऊन नागपूरला दीक्षेला जाऊन आलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखालच्या फळीवर मोजमापाची हत्यारं पुसून ओळीनं मांडलेली. अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याखाली त्यांचा स्वतःचा जुना लेथ होता. ह्यांनी त्यांच्यापुढे मासिक उघडलं आणि तांब्या-वाटी सोडून बाकी सगळं सांगितलं. मिस्त्रींनी फोटो बघितला, गाडी बघितली, मग फाटकाबाहेर जाऊन रस्ता बघून आले.

"किती खाली पायजे?"

"दोन इंच."

"कायमची, का मनात येईन तवा?"

हे ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "मनात येईल तेव्हा करता येते?"

"करा लागते," मिस्त्री म्हणाले. "तुमी शिकलेले लोकं. आज म्हणान खाली करा, उद्या म्हणान वर करा. मी दर खेपेले गाडी खोलत बसू का?"

आमच्या गाडीचं ते प्रसिद्ध यंत्र असं तयार झालं. कल्पना विलायतेची असेल, पण युक्ती निघाली ती गिऱ्हाइकाच्या धरसोडीची मिस्त्रींना खात्री होती म्हणून. पुढच्या दोन्ही चाकांना गुंडाळीच्या जाड स्प्रिंगा होत्या, आणि स्प्रिंगेच्या पोटात धक्के सोसणारी शॉकपची नळी. मिस्त्रींनी त्या नळीवर बाहेरून बसेल असा पोलादी पाइप केला, त्याला अंगभर आटे पाडले, आणि त्या आट्यांवर फिरणारी एक जाड चक्की केली. स्प्रिंग त्या चक्कीवर टेकायची. चक्की फिरवून वर नेली की गाडी उंच, खाली आणली की गाडी बुटकी. चक्की फिरवायला चंद्रकोरीसारखा वाकडा पाना. मागे स्प्रिंगा नव्हत्या, लोखंडी पाटे होते; त्यांतला एकेक पाटा काढून टाकला.

"एका फेऱ्याले एक सूत," मिस्त्रींनी समजावलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "दोनी बाजूले सारखे फेरे पायजेत. मोजाले चुकान त गाडी तिरपी होईन."

"मी गणिताचा प्राध्यापक आहे," हे म्हणाले.

मिस्त्रींनी पाना पुसून त्यांच्या हातात दिला.

येताना मूर्तिजापूरपर्यंत गाडी उंचच होती. तिथे सावलीला थांबून ह्यांनी पहिल्यांदा ती स्वतः खाली घेतली. जॅक लावून एक चाक उचलायचं, हात आत घालून फेरे मोजायचे, मग दुसरं चाक. मोजता मोजता हे मला आट्यांमागचं गणित सांगत होते. सोळा फेरे म्हणजे दोन इंच. काम झालं, गाडी जॅकवरून उतरली आणि माझ्या बाजूला झुकून उभी राहिली. अमरावती येईपर्यंत मी दाराला टेकून बसले होते आणि ह्यांचं म्हणणं होतं की रस्ताच उतरता आहे.

घरी आल्यावर मी शाळेची पट्टी आणून मोजलं. एका बाजूला सोळा, दुसऱ्या बाजूला अकरा.

दोष त्यांच्या गणिताचा नव्हता, बोलण्याचा होता. मला मात्र विणकामाची सवय. वर्गात चाळीस मुली कलकलत असताना, एखादीला रागावत असतानासुद्धा माझा टाका चुकत नसे. मी पदर खोचला, पोत्यावर बसले आणि पाच फेरे फिरवून गाडी सरळ केली. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. हे जॅक लावायचे, मी चक्की फिरवायची. शहरात गाडी खाली, अकोल्याला जाताना वर. शेजारणी गच्चीवरून बघायच्या. एकीनं विचारलं, "आज वर का खाली?" जसं काही मी स्वयंपाकाला काय केलं ते विचारावं.

ह्यांना वाटलं होतं, पोरं कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून गाडी बघतील. दोन दिवस बघितलीही. पण गाडी खऱ्या अर्थानं कुणाला आवडली असेल तर माझ्या सासूबाईंना.

आधी त्यांना गाडीत बसवायचं म्हणजे खाली पाट ठेवायचा, एकीनं हात धरायचा, एकानं मागून आधार द्यायचा. आता त्या दार उघडून नुसत्या टेकायच्या आणि पाय आत घ्यायच्या. "आता कशी माणसायच्या उंचीची झाली," त्या म्हणाल्या. "पयले त उंटावर बसल्यावानी वाटे."

ही बातमी राजापेठेत ज्यांचे गुडघे दुखत होते त्या सगळ्यांना एका आठवड्यात कळली. मंगळवारी देवीला जायला सासूबाईंबरोबर एक मैत्रीण आली, शुक्रवारी चार. "मी पुढं बसतो," म्हणून सासूबाई ह्यांच्या शेजारी, बाकीच्या मागे. मागचा एकेक पाटा काढलेला, त्यात चार भरल्या अंगाच्या बायका; गाडी मागे अशी बसायची की पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. रस्त्यात एक नाली ओलांडावी लागे. तिथे पहिल्या दिवशी गाडीचं पोट खरडलं. दुसऱ्या दिवसापासून नाली आली की सासूबाई हुकूम द्यायच्या, "उतरा वो बायायनो." सगळ्या उतरायच्या, नाली चालत ओलांडायच्या, आणि पलीकडे पुन्हा बसायच्या. हे गाडीत एकटे, चेहरा समोर.

कॉलेजात विद्यार्थ्यांनी गाडीला नाव ठेवलं होतं. ते काय होतं ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. शिपायानं सांगितलं. आजीबस.

मी एकदा म्हणाले, "मागचा पाटा तेवढा परत घालून घेऊ या." हे म्हणाले, "मग काय राहिलं?" मी विषय सोडून दिला. माणसाला कशाचं तरी वेड असतं. ह्यांचं वेड निदान अंगणात उभं असायचं.

वैशाखात माझ्या नणंदेचं लग्न निघालं. नवरदेव वरूडकडचा, शाळेत मास्तर, घरी संत्र्यांचा बगिचा. खेड्यात वऱ्हाडाची सोय होण्यासारखी नव्हती, म्हणून लग्न अकोल्याला एका शाळेच्या आवारात ठरलं. नवरदेवाकडच्यांच्या मुक्कामाचा जानोसा रेल्वेलाइनच्या एका बाजूला, मांडव दुसऱ्या बाजूला. नवरदेवाला आणायचा मान आमच्या गाडीचा.

अकोल्यात पोचल्यावर ह्यांच्या आग्रहानं गाडी पुन्हा खाली घेतली होती. लग्नाच्या सकाळी मी ह्यांना म्हणाले, "पाना काढा. मध्ये रेल्वे फाटक आहे, चढ आहे. दहा फेरे तरी वर घेते."

"आज?" हे म्हणाले. "आज तर ती शोभून दिसली पाहिजे. सगळं वरूड बघणार आहे."

"वरूडच्या लोकांना काय कळतंय, उंच का बुटकी?"

"मला कळतंय ना."

अंगावर शालू, भोवती पन्नास माणसं, वाद घालायला वेळ नव्हता. एवढंच केलं, की जॅक आणि पाना मागे ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवले, आणि वर मुलीकडून द्यायची फराळाची टोपली.

जानोशाहून निघालो तेव्हा पुढे हे आणि नवरदेव. मागे मी, नवरदेवाची आई आणि त्याचे काका. काका एकटेच दोघांची जागा घेतील असे. पुढे बँड, आजूबाजूला वऱ्हाडी. नवरदेवाच्या आई बसल्या बसल्या म्हणाल्या, "गाडी बेस हाय, चढा नाई लागत." मला वाटलं, झालं, इथेही गुडघे.

फाटकापर्यंत सगळं छान झालं. बँड रूळ ओलांडून पलीकडे गेला. आमची पुढची चाकं पहिल्या रुळावरून गेली, दुसऱ्या रुळावरून गेली, आणि मग बुडाखाली असा आवाज झाला की नवरदेवाच्या आईनं माझा हात धरला. गाडी थांबली. ह्यांनी जोर दिला; मागची चाकं जागच्या जागी फिरली. गाडीचं पोट रुळावर टेकलं होतं.

"उतरा," मी म्हणाले. सासूबाईंचाच सूर माझ्या तोंडून निघाला.

सगळे उतरले. काका उतरले तेव्हा गाडी दोन बोटं वर आली, पण तरी सुटेना. खालची एक आडवी पट्टी रुळात अडकली होती. इतक्यात फाटकवाला हिरवं-लाल निशाण काखेत मारून धावत आला.

"सायेब, गाडी काढा! मालगाडीले लाइन द्याची हाय!"

"किती वेळ आहे?" ह्यांनी विचारलं.

"येळ इचारून नोका राहू, काढा!"

हे वाकून बुडाखाली बघू लागले आणि कुठल्या कोनात जॅक लावता येईल ते मोठ्यानं सांगू लागले. मी पलीकडे गेले आणि बँडमास्तरला म्हणाले, "वाद्यं खाली ठेवा आणि सगळे इकडे या." तो शहाणा माणूस. एक ताशेवाला मागे ठेवला, कारण नवरदेव उभा असताना वाजणं बंद करता येत नाही असं त्याचं म्हणणं. बाकीचे दहाजण लाल कोटांसकट गाडीला भिडले. काकांनी उपरणं कमरेला बांधलं. नवरदेवानंही मुंडावळ्या कानामागे सारून मडगार्डखाली हात घातला. त्याची आई ओरडत होती, "अरे, तू नोको!" पण तो घालून बसला. एक, दोन, तीन म्हणताच गाडी उचलली गेली आणि चार पावलं पुढे जाऊन टेकली. फाटक बंद झालं. मालगाडी आली, तिचे डबे मोजून संपेपर्यंत आम्ही सगळे एका बाजूला आणि अर्धं वऱ्हाड दुसऱ्या बाजूला उभं.

मांडवाच्या दाराशी आणखी एक उंचवटा होता. मला तो माहीत होता, कारण आदल्या दिवशी मीच तिथे ठेचकाळले होते. ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फराळाची टोपली बाजूला केली आणि जॅक काढला.

मी शालूचा पदर कमरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, आणि बँडवाल्यांच्या पेटीवरचं पोतं घेऊन चाकाशी बसले. वैशाखाचं ऊन, पाना हातात धरवत नव्हता. काकांनी कुणाची तरी छत्री आणून माझ्यावर धरली. भोवती सगळं वऱ्हाड.

"ही कोण?" मागून कुणी बाईनं विचारलं.

"नवरीची वहिनी."

"गाडी दुरुस्त करते?"

"वर-खाली करते," काकांनी सांगितलं. त्यांना तेवढं लगेच कळलं होतं.

मी मोजायला लागले. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला ताशेवाल्याच्या लक्षात आलं. तो माझ्या प्रत्येक फेऱ्याला एक थाप द्यायला लागला. मग लोकच आकडे म्हणायला लागले. सहा! सात! आठ! मी सोळा करणार होते, पण काकांच्या वजनाकडे बघून अठरा केले. दुसऱ्या चाकाला गेले तेव्हा तर पोरंसोरं, बायका, सगळेच ओरडत होते, आणि अठराला बँडवाल्यांनी स्वतःहून एक मोठी तान घेतली. हे जॅकचा दांडा धरून उभे होते. त्यांच्या कपाळाला काळं लागलं होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"झाले दोन्हीकडचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"झाले."

"मी सकाळी ऐकायला पाहिजे होतं."

"आता चला आधी," मी म्हणाले. पण बरं वाटलं.

गाडी मांडवाच्या उंचवट्यावरून कुठे न टेकता आत गेली. आत सगळे हातात अक्षता घेऊन केव्हाचे उभे होते. नवरदेवानं हात धुतले, पण काळं ते, असं कसं जाईल? नणंदेच्या मेंदीवर त्याच्या पाचही बोटांचे ठसे उमटले. पुढे कितीतरी वर्षं ती ह्यांना ओवाळताना आधी हात पुढे करायला लावून तपासायची.

मिस्त्रीही लग्नाला आले होते. अक्षता पडल्यावर सगळे नवरा-नवरीकडे गेले, मिस्त्री गाडीकडे गेले. बाहेर बघते तर चष्मा सावरत चाकामागे वाकलेले.

"अठरा?" मला बघून त्यांनी विचारलं.

"अठरा."

"दोनीकडे बरोबर हाय," ते म्हणाले, आणि जेवायला गेले.

त्या लग्नानंतर मागचा पाटा परत बसला. ह्यांनी स्वतःच बसवून घेतला, मी विषयही काढला नव्हता. सासूबाई थोड्या कुरकुरल्या, म्हणून मंगळवार-शुक्रवार पुढून मी गाडी जरा खाली घ्यायची. आणखी दोन वर्षं अशी गेली. मग ह्यांची नागपूरला बदली झाली. कॉलेज तिथे घरापासून हाकेवर, गाडी कशाला न्यायची असा विचार चालू असताना वरूडहून नवरदेवाचे काका येऊन उभे राहिले. त्यांना बगिच्यात फिरायला गाडी हवी होती, आणि हीच हवी होती.

"पण लय उंच करून पायजे," ते म्हणाले. "बगिच्यात ढेकळं हायेत."

सासूबाईंनी त्यांना अंगणात थांबवलं. "पयले आमी देवीले जाऊन येतो. मंग करा उंच." त्यांच्या चारही मैत्रिणी तयार होऊनच आल्या होत्या. काकांना दीड तास बसावं लागलं. चहा झाला, दुसरा चहा झाला.

गाडी परत आल्यावर मी पोतं अंथरलं. ह्यांनी जॅक लावला. काका शेजारी उकिडवे बसून बघत होते. मी त्यांना पाना कसा धरायचा, आटे कसे साफ ठेवायचे, मोजताना बोलायचं का नाही, ते दाखवलं. दुसऱ्या चाकाला त्यांनाच फिरवायला लावलं. त्यांनी मान खाली घालून, ओठ हलवत, एकही न चुकवता मोजलं. चक्की अगदी वरच्या टोकाला गेली. इतकी उंच गाडी आमच्या अंगणात कधीच उभी राहिली नव्हती.

काका उठले, धोतर झटकलं, एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"एक इचारू? गाडी प्रोफेसर सायबाची होती का बाईची?"

हे जॅक पुसत होते. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"चालवायचो मी," ते म्हणाले. "गाडी हिची."